निरोपाच्या फोटोतला साकव

“यात साकव कुठं आहे?”

आवाज इतका बारीक होता, की आधी मला वाटलं पंख्यानं कागद सळसळवला. मान वर करून पाहिलं तर टेबलापलीकडे कोंडाजी लांघी उभे. सभागृहात त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. सहा वर्षं ते सदस्य होते आणि त्या दिवशी मुदत संपलेल्या नऊ जणांपैकी ते एक. सकाळी नऊही जणांची निरोपाची भाषणं झाली होती. गुरुजींच्या हातात मी टाइप करून पाठवलेली त्यांच्या भाषणाची प्रत होती.

“कुठला साकव, गुरुजी?” मी विचारलं.

हे शब्द तोंडातून निघाले आणि मी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उगाच उचलून पुन्हा ठेवला. त्या गठ्ठ्याचं वजन मी आजही सांगू शकतो. अडीच शेर, वर एखादी गुंज.

“माझ्या वाडीच्या ओढ्यावरचा,” ते म्हणाले. “मी त्याच्यावरच बोललो. बांधकाममंत्री उठून उत्तरही देऊन बसले. ते यात काहीच नाही.”

मी त्या सभागृहाचा प्रतिवेदक होतो. म्हणजे आत जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपून घ्यायचं, बाहेर येऊन टाइप करायचं, बोलणाऱ्याकडून तपासून घ्यायचं आणि छापखान्यात धाडायचं. कुठलं सभागृह ते विचारू नका. अजून मी त्याचं निवृत्तिवेतन खातो. आवाज पकडून ठेवणारं यंत्र त्या काळी आमच्याकडे आलं नव्हतं. एक जण दहा मिनिटं आत बसायचा, मग दुसरा येऊन त्याला सोडवायचा. आत बसलेल्याची पेन्सिल हाच राज्याचा पुरावा. तिनं टिपलं ते बोललं गेलं. तिनं टिपलं नाही ते कुणी बोललंच नव्हतं, मग भले छताचं प्लास्टर पडेपर्यंत ओरडलेलं असो.

आणि निरोपाचं भाषण म्हणजे काय, तर सगळ्यांचं एकच. सभापती महोदय, आज या सभागृहाचा निरोप घेताना मन भरून आले आहे, इथून निघायचं. हे सभागृह म्हणजे माझे कुटुंब. मतभेद होते पण मनभेद नव्हते. कळत नकळत कुणाचे मन दुखावले असेल तर उदार अंतःकरणाने क्षमा करावी. बसायचं. पाच-सहा वर्षं हेच ऐकून मी एक सोय करून घेतली होती. निरोपाची भाषणं मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचो. नाव आणि जिल्हा तेवढा मोकळा. वेगळं काही निघालं तर घालू म्हणायचो. वेगळं कधी काही निघालं नाही. एकदा तर एक सदस्य बोलायला उठले, त्यांना हुंदका आला, तसेच खाली बसले. तरी त्यांचं दीड पानी भाषण छापून आलं. त्यांनी मला पेढे आणून दिले. म्हणाले, फणसे, इतकं चांगलं मी जन्मात बोललो नव्हतो.

लांघी गुरुजींचा तर प्रश्नच नव्हता. सहा वर्षांत या माणसानं सभागृहात एक अक्षर काढलेलं नव्हतं. शपथ घेतली तेव्हाही सभापतींनी त्यांच्या ओठांकडे बघून समाधान मानलं होतं. त्यांचं भाषण मी सगळ्यांत आधी टाइप केलं.

त्यात त्या दिवशी घाणेकरबाईंनी माझ्या मागे आणखी एक काम लावलं. बाई आमच्या मुख्य प्रतिवेदक. बाईंसमोर टाचणीसुद्धा सरळ उभी राहायची. दुपारी चार वाजता पायऱ्यांवर सगळ्या सभागृहाचा निरोपाचा फोटो असायचा. पुढच्या रांगेत अडतीस खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. माझं अक्षर चांगलं, हा माझा गुन्हा. “चिठ्ठ्या तुम्ही करा, फणसे,” एवढं म्हणून बाई गेल्या. म्हणून सकाळच्या माझ्या दहा मिनिटांत मी आत बसून, वही गुडघ्यावर घेऊन, मानाप्रमाणे खुर्च्यांची यादी करत होतो. गुरुजी उठलेले मला दिसले. मनात म्हटलं, भरून आले आहे. मान खालीच ठेवली. सभागृह चिडीचूप झालं, ते मला कंटाळ्याचं वाटलं. मधेच बांधकाममंत्री उठून काहीतरी तोडकं बोलले, बाकं वाजली. मी तेव्हा सत्ताविसाव्या खुर्चीवर होतो.

आता गुरुजी समोर उभे होते आणि मला त्या दहा मिनिटांतला एक शब्दही आठवत नव्हता. आठवणार काय, ऐकलाच नव्हता.

“पुढचं पान टाइप व्हायचंय,” मी म्हणालो.

“मग थांबतो,” गुरुजी म्हणाले आणि भिंतीजवळच्या बाकावर बसले. “माझी एसटी साडेसहाला आहे.”

पावणेतीन वाजले होते. तेवढ्यात दारातून बाईंनी डोकं आत घातलं. शेवटचा दिवस आहे, पाच वाजता सगळ्यांच्या वह्या माझ्या टेबलावर हव्यात, सहाला बाड छापखान्यात जाईल, असं सगळ्या खोलीला सांगून त्या गेल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी उठलो आणि कालिंदी सरदेशपांडेला शोधत सुटलो. माझ्यानंतरची दहा मिनिटं तिची होती. ती चहाच्या खोलीत सापडली. ती म्हणाली, मी दारातून आत येत होते तेव्हा मंत्री बसायच्या बेतात होते, “बघतो नाही, करतो” एवढंच कानावर आलं. पण ते तुझ्या वेळातलं म्हणून मी घेतलं नाही.

“का रे?” तिनं विचारलं.

“सहज,” मी म्हणालो.

बघतो नाही, करतो. हे वाक्य केवढं मोठं आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. मंत्री सभागृहात ‘करतो’ म्हणाले की ते आश्वासन होतं. ते वेगळं काढलं जातं आणि सदस्यांची एक समिती दर काही महिन्यांनी मंत्र्याला विचारत राहते, केलंत का. मंत्री बदलला तर नव्याला विचारते. तो गेला तर त्याच्या खुर्चीला विचारते. पण तेच मंत्री जिन्यात म्हणाले, चहावर म्हणाले, तर ते चहाबरोबर संपलं. आणि छापलेल्या कामकाजात नसेल तर ते जिन्यात म्हटल्यासारखंच.

मी परत आलो. गुरुजी बाकावर तसेच, हात गुडघ्यांवर. मी टाइपरायटरला कोरा कागद लावला. म्हटलं, आयुष्यभर थापा मारल्या, आज एक कामाची मारू. ‘श्री. कोंडाजी लांघी’ एवढं बडवलं आणि अडकलो. साकव कुठला, ओढा कोणता, का हवा, यातलं मला ठाऊक काय होतं? मी उगाच चष्मा पुसत म्हणालो, “गुरुजी, साकवाची लांबी काय सांगितलीत? तेवढं जरा नीट ऐकू आलं नाही.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

“वही दाखव,” ते म्हणाले.

‘दाखवा’ नाही. दाखव. मी एकतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, पण उठून वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पान उलटलं. लघुलिपीची एक रेघ नव्हती. नावं आणि आकडे.

“हे काय?”

“खुर्च्या.”

“मी कुठं?”

“एक नंबर. डावीकडचं टोक.”

“आणि बांधकाममंत्री?”

“मधे. बावीस.”

त्यांनी वही मिटली आणि माझं टाइप केलेलं भाषण पुन्हा वर धरलं. “मतभेद होते पण मनभेद नव्हते,” त्यांनी वाचलं. “माझे कुणाशी मतभेद नव्हते रे. मला कुणी काही विचारलंच नव्हतं.”

मी टाइपरायटरमधला कागद ओढून काढला.

“सहा वर्षं मी या एका दिवसासाठी थांबलो,” गुरुजी म्हणाले. “माझा आवाज हा असा. एरवी इथं मधेच कुणी उठतो, घंटा वाजते, बाकं वाजतात. निरोपाच्या दिवशी कुणी मधे बोलत नाही. माझ्या आवाजाला तेवढी शांतता लागते. पहिल्या वर्षीच मी बघून ठेवलं होतं.” मग म्हणाले, “सगळे ऐकत होते. ज्याचं ऐकायचं काम, तो तेवढा खुर्च्या मांडत होता.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, मला आता सांगा, मी शब्दन् शब्द उतरवून घेतो. त्यांनी मान हलवली.

“माझं मी सांगेन. मंत्र्यांचं मी कसं सांगू? ते त्यांच्या तोंडून यायला हवं.”

मंत्र्यांना गाठणं म्हणजे त्यांना सांगणं, की साहेब, आपण बोललात ते मी लिहिलंच नाही. पाच मिनिटांत ते बाईंपर्यंत गेलं असतं आणि सहा वाजता छापखान्यात बाडाऐवजी मी. साडेतीन वाजले होते. गुरुजींनी वही मला परत दिली. मी ती उघडली, आणि माझी नजर बावीस नंबरावर पडली.

खुर्च्या कुणी मांडल्या होत्या? मी.

पायऱ्यांवर जाऊन मी एकविसाव्या खुर्चीवरची चिठ्ठी काढली. ती एका माजी मंत्र्यांची होती. ती नेऊन डाव्या टोकाला लावली आणि तिथली गुरुजींची चिठ्ठी एकविसावर. घाईत टाचणी दोनदा मलाच टोचली. त्या माजी मंत्र्यांनी पुढे वर्षभर माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

चार वाजता मंडळी येऊन बसायला लागली. बांधकाममंत्री आले, बाजूची चिठ्ठी त्यांनी वाचली आणि मला विचारलं, हे इथं कसे?

“यंदा तसं ठरलंय, साहेब,” मी म्हणालो.

आमच्या इमारतीत ‘ठरलंय’ म्हटलं की कुणी ठरवलं ते कुणी विचारत नसे. मंत्री बसले. शेजारी गुरुजी बसले. मागे बाकांवर उभ्या राहणाऱ्यांच्या दोन रांगा चढल्या. मी खुर्चीमागची चिठ्ठी काढून घ्यायच्या निमित्तानं वाकलो, आणि वाकलो तो वर आलोच नाही. खुर्च्यांची पाठ आणि मागच्या रांगेचे पाय यांच्यामधे हातभर जागा होती, त्यात उकिडवा बसलो. एका सदस्याची कोल्हापुरी माझ्या पाठीवर होती. त्यांना ती पायरी वाटली असावी.

फोटोवाले एक म्हातारे गृहस्थ होते. तीन पायांचा कॅमेरा, डोक्यावर काळं कापड. ते ‘हलू नका’ म्हणाले की मुख्यमंत्रीही श्वास धरायचे. तीन फोटो काढणार, असं त्यांनी जाहीर केलं. मी वही गुडघ्यावर घेतली. पेन्सिलीला टोक आहे की नाही हेसुद्धा बघितलं नव्हतं.

“सगळ्यांनी समोर. हलू नका.”

“साहेब,” गुरुजींचा आवाज आला. माझा कान त्यांच्या पाठीपासून वीतभर होता, तरी मला श्वास थांबवावा लागला. “सकाळी माझं ऐकू आलं का आपल्याला?”

“आलं की,” मंत्री ओठ न हलवता म्हणाले.

“काय म्हणालो मी?”

शाळेत पाठ न करता आलेल्या पोराची मान मागून कशी दिसते ते मला त्या दिवशी कळलं.

“साकव,” मंत्री म्हणाले.

“कुठं?”

मंत्री तिरक्या मानेनं गुरुजींकडे बघायला लागले. म्हणजे सकाळी त्यांनाही साकवापलीकडे काही ऐकू गेलं नव्हतं. सगळं सभागृह शांत झालेलं बघून ते आपले करतो म्हणून बसले होते.

“मान समोर, साहेब. झालं. आता दुसरा.”

“उंबरवाडीचा ओढा,” गुरुजी म्हणाले. “शाळा अलीकडे, वाडी पलीकडे. पावसाळ्याचे चार महिने ओढा माणसाला उतरू देत नाही. पोरं पलीकडच्या काठावर पाट्या घेऊन बसायची, मी अलीकडच्या काठावर उभा राहायचो. मधे पाणी. पाण्याच्या वर आवाज काढायचा. बावीस पावसाळे मी ओरडून शिकवलं, साहेब. पहिली ते चौथी. पाढे, कविता, नदीच्या उगमाचा धडा, सगळं ओरडून. तेविसाव्या पावसाळ्यात एक दिवस ग्रहण कसं लागतं ते सांगत होतो, तर पलीकडची पोरं कानाला हात लावायला लागली. मला वाटलं पाणी वाढलं. पाणी तेवढंच होतं.”

माझी पेन्सिल चालत होती. तिला मी चालवत नव्हतो.

मंत्र्यांनी मान वळवली.

“मान समोर, साहेब. मागच्या रांगेत हसू नका.”

मान समोर गेली. “आता तिथं कोण आहे शिकवायला?” मंत्र्यांनी विचारलं.

“नवा मास्तर आहे. तिशीचा. आवाज चांगला खणखणीत आहे.” गुरुजी थांबले. “होता. सहा पावसाळे झाले त्याचे. आता झोपताना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो.”

काळ्या कापडाखालून कुणीतरी एक-दोन मोजलं. सगळं सभागृह पुतळ्यासारखं. त्या शांततेत सव्वाशे माणसं होती, आणि गुरुजींना ऐकणारे आम्ही दोघंच.

“सकाळी मी काय म्हणालो होतो?” मंत्र्यांनी विचारलं.

“बघतो नाही, करतो.”

“मग मी करतो,” मंत्री म्हणाले. “पुढच्या उन्हाळ्यात करतो. पुढचा पावसाळा साकवाखालून जाईल.”

“तिसरा घेतो. हलू नका.”

कुणी हललं नाही. मीही नाही. माझ्या डोळ्यांतून काहीतरी वहीवर पडलं. पाठीवरच्या कोल्हापुरीमुळे असेल.

साडेचारला मी टाइपरायटरवर बसलो, ते पाचला दहा कमी असताना उठलो. तो वेग मी पुन्हा कधी गाठला नाही. कालिंदी सांगते, शेजारच्या खोलीतल्यांना वाटलं गारा पडताहेत. गुरुजी बाकावर बसून एकेक पान वाचत होते. शेवटचं पान वाचून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई आल्या.

“वही.”

मी दिली. लघुलिपी बाई वर्तमानपत्रासारखी वाचायच्या. उभ्या उभ्याच त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या हातानं ऐकलं ते सगळं घेतलं होतं. जे जे ऐकलं ते सगळं. टाइपही तसंच केलं होतं.

“‘बावीस पावसाळे मी ओरडून शिकवलं,’” बाईंनी वाचलं. त्यांचा आवाज जरा खाली आला, पण त्या थांबल्या नाहीत. “‘मान समोर, साहेब. मागच्या रांगेत हसू नका.’” त्यांनी वर पाहिलं. “सभागृहात कॅमेरा कधीपासून यायला लागला, फणसे?”

मी सांगून टाकलं. खुर्च्या, आदल्या दिवशी टाइप केलेली भाषणं, पायऱ्या, सगळं. सांगताना एकही गोष्ट फुगवली नाही. माझ्या आयुष्यातली ती तशी एकच वेळ. बाई ऐकत राहिल्या. त्यांच्या हातातली लाल पेन्सिल मला कुऱ्हाडीएवढी दिसत होती.

मी थांबल्यावर गुरुजी बाकावरून उठले.

“बाई,” ते म्हणाले, “यात एक चूक आहे. सभागृहात मंत्री ‘बघतो नाही, करतो’ एवढंच म्हणाले. उन्हाळ्याचं ते पायऱ्यांवर म्हणाले. उन्हाळा खोडा.”

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, हातानं खुणा केल्या. त्या आश्वासनाला धार होती ती उन्हाळ्याची. नुसतं करतो म्हटलं तर सरकार शंभर वर्षं करतच राहतं. पण गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. बावीस वर्षं पाट्या तपासलेला माणूस, उत्तर आपल्या फायद्याचं आलं म्हणून चुकीला बरोबर म्हणणार नव्हता.

बाई खुर्चीवर बसल्या. ‘मान समोर, साहेब’ खोडलं. ‘मागच्या रांगेत हसू नका’ खोडलं. ‘झालं, आता दुसरा’ खोडलं. ‘सकाळी’ जिथं जिथं आलं होतं तेही खोडलं. मग पेन्सिल उन्हाळ्यावर आली आणि थांबली.

“गुरुजी,” बाई म्हणाल्या, “आमचा नियम आहे. सदस्याला त्याचं स्वतःचं भाषण दुरुस्त करता येतं. मंत्र्यांचे शब्द फक्त मंत्री दुरुस्त करतात.”

“पण ते इथं बोललेच नाहीत.”

“ते मंत्र्यांनी सांगावं. प्रत त्यांच्याकडे जाईल.”

आणि गेली. शिपाई प्रत घेऊन मंत्र्यांच्या दालनाकडे गेला तेव्हा सव्वापाच झाले होते. नंतरच्या अर्ध्या तासाबद्दल मी सांगितलेलं कुणाला खरं वाटत नाही, पण भिंतीवरचं घड्याळ त्या अर्ध्या तासात दोनदा मागे गेलं. मंत्र्यांनी उन्हाळा खोडला असता तर साकव गेला असता. ‘हे मी बोललोच नाही’ असा शेरा मारला असता तर मी आणि माझ्याबरोबर बाई. बाईंनी तोवर इतर कुणाच्या तरी भाषणातले अनुस्वार तपासायला घेतले होते, पण एकाच पानावर होत्या. गुरुजी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

पावणेसहाला प्रत परत आली. बाईंनी ती उघडली, वाचली आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवली.

एकच दुरुस्ती होती. ‘मी करतो’ हे खोडून हिरव्या शाईनं ‘शासन करील’ असं केलेलं. ते सगळेच मंत्री करतात. म्हणजे वाचलं होतं, नीट वाचलं होतं. आणि पुढचा उन्हाळा जिथल्या तिथं. खाली सही.

“फणसे,” बाई म्हणाल्या, “यापुढे निरोपाच्या दिवशी पहिल्या भाषणापासून शेवटच्यापर्यंत तुम्ही बसायचं. दहा मिनिटांनी कुणी सोडवायला येणार नाही.”

ती शिक्षा मी निवृत्त होईपर्यंत भोगली. तेरा निरोप. एक शब्द सोडला नाही. आणि सांगतो, सगळी भाषणं सारखी असतात हे खोटं आहे.

गुरुजी निघाले. निघताना त्यांनी माझं ते आदल्या दिवशीचं भाषण उचललं, चार घड्या करून खिशात घातलं. म्हणाले, “घरी दाखवतो. सहा वर्षं ही विचारतेय, तिथं बोलता तरी काय.”

पुढचा उन्हाळा सरकारी पंचांगात जरा उशिरा येतो. समितीनं सात वेळा पत्र धाडलं. मंत्री दोनदा बदलले. प्रत्येक नव्या मंत्र्यापुढे तेच छापलेलं पान ठेवलं गेलं, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात साकव झाला. निरोपाचा तो फोटो अजून मागच्या जिन्यात लावलेला आहे. सगळे समोर बघताहेत, एकविसावा आणि बाविसावा तेवढे पुसट आलेत. त्यांच्या दोन खुर्च्यांच्या फटीत एक कोपर दिसतं. ते कुणाचं, यावर शिपायांमधे वाद आहे.

साकव झाला त्याच वर्षी श्रावणात गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती, पावसात ये.

गेलो. ओढा सांगण्यापेक्षा मोठा होता, आणि हे मी सांगतोय म्हणजे बघा. साकव अकरा पावलांचा. गुरुजी पलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभे होते. मी साकवावरून त्यांच्याजवळ गेलो आणि ज्या जागी पोरं बसायची तिथं आम्ही उभे राहिलो. समोर अलीकडच्या काठावर शाळा. खिडकीतून पोरांची डोकी दिसत होती, फळ्यापुढे मास्तर दिसत होता. त्याचे ओठ हलत होते. हात पाठीमागे बांधलेले, मान सैल.

गुरुजींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “तो काय शिकवतोय, येतंय काही ऐकू?”

मी कान दिला. जन्मभर ऐकण्याचंच काम केलेला माणूस मी. पाण्याचा आवाज येत होता, छत्रीवरच्या थेंबांचा येत होता.

“एक शब्दही नाही,” मी म्हणालो.



“लिहून घे,” गुरुजी म्हणाले.

मी खिशातून पेन्सिल काढली.